चेहऱ्यावरची फ्लॅप सर्जरी: घरच्यांनी काय करायचं, कधी करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

नवले पुलाजवळचा अपघात असो, भोसरी-चाकणला ग्राइंडरची डिस्क तुटून तोंडावर बसलेली असो, संक्रांतीच्या दिवसातला नायलॉन मांजा असो नाहीतर जुन्नरकडचा बिबट्याचा हल्ला, चेहऱ्याचा मोठा भाग गेलेला पेशंट आला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "प्लास्टिक सर्जन कधी येणार, आजच करून टाका ना." आणि मग दहा-बारा तासांचं ऑपरेशन नीट पार पडलं की हेच नातेवाईक निवांत होतात, कोणी गावाला जातं, कोणी पेशंटला "एकच घोट" म्हणून चहा पाजतं. म्हणजे घाई नको तिथे घाई आणि लक्ष हवं तिथे निवांतपणा. वॉर्डात नर्सिंग करताना हे इतक्यांदा बघितलंय की एकदा सगळं क्रमाने लिहून टाकते. ऑपरेशन कसं करतात ते सर्जन बघतील, आपण आपल्या हातात काय आहे तेवढंच बघू. (कपाळाच्या कातडीने नाक करायची पद्धत इंग्रजांनी पुण्यातच बघितली वगैरे गोष्टी पुन्हा कधीतरी.)

सुरुवातीला एवढं डोक्यात पक्कं करा

ग्राफ्ट आणि फ्लॅप वेगळे. ग्राफ्ट म्हणजे कातडीचा पातळ पापुद्रा, त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, जिथे लावला तिथल्या जखमेतून तो रक्त घेतो. उघडं हाड, आरपार गेलेला गाल किंवा तुटलेला जबडा असेल तर तिथे ग्राफ्ट टिकत नाही. तिथे फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी, चरबी, कधी स्नायू, कधी हाडसुद्धा, पण स्वतःच्या रक्तवाहिनीसकट. कधी तो शेजारूनच वळवून आणतात, जसं कपाळावरून नाकावर. जागा मोठी असेल तर हाताच्या पुढच्या भागातून, मांडीतून किंवा पायाच्या नडगीशेजारच्या फिब्युला हाडासकट पूर्ण सुटा काढतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडतात, याला फ्री फ्लॅप म्हणतात. जोडलेल्या नळ्या साधारण एक ते तीन मिलिमीटरच्या असतात. शेतातली ठिबकची नळी कुठे दाबली किंवा पिळली गेली की पुढचं पाणी बंद, इथे तसंच आहे. या लेखातल्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका नळीसाठी आहेत.

टप्पा १: पहिला तास

१०८ ला फोन करा. तोपर्यंत बघायचं ते आधी श्वासाचं, चेहऱ्याचं नंतर. शुद्धीत असेल, स्वतःहून बसू शकत असेल तर पुढे वाकून बसू द्या म्हणजे रक्त घशात न जाता बाहेर पडेल. बळजबरीने उताणं झोपवू नका, तुटलेल्या जबड्याचा पेशंट उताणा झोपला की जीभ मागे पडून गुदमरतो. बेशुद्ध असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा. हेल्मेट ओढून काढू नका. आधी काच वर करा, पट्टा सोडा. श्वासच अडत असेल तर मात्र एकाने मान धरायची आणि दुसऱ्याने हळूहळू हेल्मेट काढायचं.

रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड धरून दाबा आणि दाबूनच ठेवा, दर मिनिटाला उचलून "थांबलं का" बघत बसू नका.

लोंबणारं मांस किंवा कातडी तोडून टाकू नका, कितीही काळंनिळं दिसलं तरी. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, मेल्यासारखे दिसणारे तुकडे पुष्कळदा जगतात. हलक्या हाताने जागेवर ठेवून ओल्या स्वच्छ कापडाने झाका. कान, नाक, ओठ पूर्ण तुटून पडलं असेल तर सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओल्या केलेल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर गारठून खराब होतो. पडलेला दात मुळाला हात न लावता दुधात टाकून आणा.

> सावधान: हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट काहीही जखमेत भरू नका, ते सगळं नंतर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, खरवडून काढावं लागतं. नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं पातळ काही येत असेल तर कापूस कोंबू नका, नाक शिंकरू देऊ नका, आणि पातळ पाणी येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. तोंडाने पाणी-चहा काहीच नाही.

कुत्रा किंवा बिबट्याने चावलं असेल तर श्वास आणि रक्त सांभाळून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. हॉस्पिटलमध्ये लसीबरोबर जखमेत द्यायचं रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिनही मागा, नुसती लस पुरत नाही.

टप्पा २: पहिले काही दिवस, जेव्हा "काहीच करत नाहीत" असं वाटतं

इथे सगळ्यात जास्त भांडणं होतात. सर्जन आधी श्वास, डोकं, मान, डोळे बघतात, गरज पडली तर गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमीची नळी टाकतात, सीटी स्कॅन करतात, आणि जखम ओटीत नेऊन धुतात. मग परत धुतात. चुरडलेल्या किंवा मातीने भरलेल्या जखमेत खरं किती जिवंत आहे ते पहिल्या दिवशी कळत नाही, घाण राहिलेल्या जागेवर फ्लॅप टाकला तर खाली पू होतो आणि फ्लॅपही जातो. दरम्यान हाडं प्लेट-स्क्रूने जागेवर आणतात, दातावर दात बसतात का ते बघून. हाडांचा साचा आधी आणि मांस नंतर, क्रम हाच.

तुम्ही या काळात एक काम करा, जे कोणीच सांगितल्याशिवाय करत नाही: अपघाताच्या आधीचे फोटो जमवा. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि एक तरी दात दिसेल असा हसतानाचा. आधार कार्डावरचा फोटो उपयोगाचा नाही. लग्नाचे अल्बम, मित्रांचे व्हॉट्सॲप ग्रुप धुंडाळा. आधी दातांचं काही काम झालं असेल तर डेंटिस्टकडून एक्स-रे आणा, कवळी असेल तर तीही, तुटलेली असली तरी. जबडा कुठे बसवायचा याचा माग दातांवरूनच लागतो.

> तपासा: धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का? एमएलसी नंबर (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या केसच्या नोंदीचा) फाइलवर आहे का? डोळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे बघितले का?

टप्पा ३: कागद, आणि ते पहिल्याच दिवशी

रस्ते अपघात असेल तर केंद्र सरकारची २०२५ ची कॅशलेस योजना आहे, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये दीड लाखापर्यंत, पण अपघातापासून फक्त सात दिवस. फ्लॅपची वेळ येईपर्यंत हे सात दिवस बहुतेक वेळा संपलेले असतात, म्हणून त्याच वेळी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही सुरू करा. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार घेऊन भेटा आणि हे ऑपरेशन योजनेत बसतं का आणि मंजुरी आली का, हे दोन्ही विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, बिल हातात आल्यावर धावपळ करून काही होत नाही. कंपनीत काम करताना लागलं असेल आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर ते कार्ड पुढे करा आणि अपघाताची नोंद कंपनीकडून लेखी घ्या. "साहेब बघतील म्हणाले" यावर राहू नका. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला लागतो. ॲसिड हल्ल्याच्या पेशंटला तर खासगी हॉस्पिटलनेसुद्धा पहिले उपचार मोफत द्यायचे असा कायदाच आहे, पैशांसाठी अडवलं तर तसं लेखी मागा.

टप्पा ४: फ्लॅपच्या आधीची तयारी

तंबाखू. फक्त सिगरेट नाही, मिश्री, गुटखा, मावा, विडी, सगळं. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आपली सगळी मदार त्या बारीक नळीवर आहे. घरच्या बायका मिश्रीला व्यसन धरत नाहीत त्यामुळे हिस्टरीत कोणी सांगतच नाही, ते सांगा. किती आणि किती वर्षं ते खरं सांगा, सर्जन रागावतील म्हणून लपवू नका. आणि ऑपरेशननंतरही नाही, भेटायला आलेल्या मित्राने खिशातून पुडी काढली तर त्याला बाहेर घालवा.

ज्या हातातून फ्लॅप घ्यायचाय, बहुतेक वेळा डावा, त्या हातात सुई, सलाइन, रक्त तपासणी काही नको. वॉर्डात शिफ्ट बदलते, नवीन सिस्टरला माहीत नसू शकतं, तेव्हा पेशंटजवळच्याने बोलायचं, "सिस्टर, हा हात ऑपरेशनसाठी ठेवलाय." पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहूनही ठेवतात. त्या हातातून फ्लॅप घेण्याआधी डॉक्टर मनगटाच्या दोन्ही रक्तवाहिन्या दाबून, एक सोडून, पंजा परत लाल होतो का बघतात, ती ॲलन टेस्ट. फिब्युला घेणार असतील तर पायाच्या रक्तवाहिन्यांचा अँजिओग्राफी स्कॅन होतो, कारण काही लोकांच्या पायाला त्याच रक्तवाहिनीचा आधार असतो आणि मग ती काढता येत नाही.

शुगर, हिमोग्लोबिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं सांगा. काढे आणि "आयुर्वेदिकच आहे" म्हणून घेतलेल्या गोळ्यासुद्धा.

संमतीपत्रावर सही करण्याआधी एवढं विचारा: फ्लॅप कुठून घेणार आणि तिथे नंतर काय कमी होणार? फ्लॅप फेल झाला तर दुसरा प्लॅन काय? रात्री दोनला गडबड झाली तर परत ओटीत न्यायला टीम आहे का? अशी ऑपरेशनं इथे नेहमी होतात का? अनुभवी ठिकाणी फ्री फ्लॅप साधारण ९५ टक्के किंवा जास्त वेळा जगतो, पण उरलेल्यांत आपण असू शकतो, म्हणून रात्री दोनचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या मते याचं उत्तर गुळमुळीत आलं तर आणि पेशंटची तब्येत परवानगी देत असेल तर दुसरं मत घ्यावं.

टप्पा ५: ऑपरेशनचा दिवस

आठ ते बारा तास, कधी जास्त. वेळ लागला म्हणजे बिघडलं असं नाही. बाहेर दोघंच थांबा, जेवून घ्या, आळीपाळीने झोपा, कारण खरी जागरणं उद्यापासून आहेत.

टप्पा ६: पहिले ७२ तास

फ्लॅपची नळी बंद पडायची असेल तर बहुतेक वेळा याच काळात पडते. पहिला दिवस-दीड दिवस सिस्टर जवळजवळ तासातासाला येऊन टॉर्च मारून बघतात, बोटाने हलकं दाबतात, डॉप्लर मशीनने ठोका ऐकतात. पेशंटची झोप मोडते म्हणून "ताई, रात्री जरा कमी या" म्हणणारे नातेवाईक दर वेळी भेटतात. असं म्हणू नका.

आयसीयूत तुम्हाला थोडा वेळच सोडतील, पण बघायचं काय ते माहीत असू द्या:

- चांगला फ्लॅप आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा फिका किंवा गुलाबी, कोमट, मऊ. दाबून सोडला की दोन-तीन सेकंदांत रंग परत येतो.
- पांढराफटक, गार, ढिला, दाबल्यावर रंग येतच नाही: आत येणारं रक्त अडलंय.
- जांभळा, निळसर, टम्म फुगलेला, दाबल्यावर रंग झटकन परत येतो, टाक्यातून काळपट रक्त: बाहेर जाणारं रक्त अडलंय. हे जास्त वेळा होतं आणि नवख्या माणसाला "लाल आहे म्हणजे छान आहे" असं वाटतं, तिथेच फसतात.

रंग बदललेला दिसला तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला सिस्टरला सांगायचं. दाबून बघायचं काम तुमचं नाही, तुम्ही फक्त सांगायचं. काही तासांच्या आत परत ओटीत नेलं तर पुष्कळ फ्लॅप वाचतात, उशीर झाला की नाही. परत ओटीत नेणं म्हणजे डॉक्टर चुकले असा अर्थ काढून बाहेर गोंधळ घालू नका, वेळेवर नेताहेत ही चांगली गोष्ट आहे. रंग बघायला ट्यूबलाइट खाली एकाच अंतरावरून बघा, मोबाइलच्या फोटोत रंग बदलतो, त्यावरून व्हॉट्सॲपवर मतं मागवू नका.

> सावधान: मान ठेवलीय तशीच राहू द्या. जोड मानेत आहे, त्या बाजूला वळून झोपलं की नळी पिळते. त्या बाजूला उशी, ऑक्सिजन मास्कचा इलॅस्टिक, ट्रॅकिओस्टॉमीची घट्ट बांधलेली फीत, गळ्यातला गंडा-माळ-मंगळसूत्र काही नको. गंडा काढायला घरची मोठी माणसं तयार नसतात, मनगटाला बांधा म्हणावं, पण फ्लॅप घेतलेल्या हाताला नाही.

खोली गार नको, एसी कमी करायला सांगा, पेशंटला पांघरूण हवं, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. चहा-कॉफीही काही युनिटमध्ये काही दिवस बंद ठेवतात, विचारून घ्या.

टप्पा ७: वॉर्ड, नळी, आणि वरणाचं पाणी

नाकातल्या नळीने, म्हणजे रायल्स ट्यूबने, खाणं सुरू होतं. डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने दोन-तीनदा भरवून दाखवा, नुसतं बघून येत नाही. क्रम असा: पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंश वर, नळीवरची खूण जागेवर आहे का बघा, शिकवलंय तसं तपासा, मग हळूहळू सोडा, पिस्टनने जोरात ढकलू नका. एका वेळी २०० ते २५० मिली, त्यानंतर ३० मिली साधं पाणी नळी धुवायला, आणि पुढे अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवा. भरवताना खोकला आला, श्वास लागला तर लगेच थांबा. खूण सरकलेली दिसली तर काहीही सोडू नका, नळी स्वतः आत ढकलू नका.

काय द्यायचं? वरणाचं पाणी आणि नारळपाणी यावर पेशंट आठ-आठ दिवस ठेवतात, आणि मग टाके सुटतात. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रोटीन नावालाच असतं. जखम भरायला रोज वजनाच्या किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम. एका अंड्यात सहाच्या आसपास, पावशेर दुधात आठ, हिशोब तुम्हीच करा. पूर्ण शिजलेली डाळ मिक्सरमधून फिरवून, गाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून, दूध, उकडलेलं अंडं मिक्सरमध्ये, दाण्याची बारीक पूड, डाएटिशियनने दिलेली पावडर. नाचणीची पेज चांगलीच, पण गार झाली की घट्ट होते आणि नळी चोंदते, पातळच करा. कच्चं अंडं नको. किडनीचा त्रास असेल तर हा सगळा हिशोब डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या कुटून द्यायच्या आधीही विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

जबडा तारेने बांधलेला असेल तर उशाशी वायर कटर लटकवलेला हवा, आणि कुठली तार कापायची ते घरातल्या दोघांना माहीत हवं. उलटी झाली तर आधी पुढे वाकवा, गुदमरला तर तारा कापा. हा कटर घरी जाताना बरोबर न्यायला लोक हमखास विसरतात.

तोंडात फ्लॅप असेल तर प्रत्येक खाण्यानंतर सांगितलेल्या औषधाने तोंड स्वच्छ. ब्रश त्या बाजूला नाही.

फ्लॅप जिथून काढला तीही जखमच आहे. हाताचा स्प्लिंट सांगेपर्यंत काढू नका, बोटं हलवत राहा. मांडीवरून पातळ कातडी घेतली असेल तर तिथली पट्टी चिकटून बसते, ती ओढून काढू नका, साधारण दोन आठवड्यांत आपोआप सुटते, कडा सुटतील तेवढ्याच कात्रीने कापा. वास, पू, ताप आला तर मात्र दाखवा. फिब्युलाच्या पायावर कधी आणि किती भार द्यायचा ते फिजिओ सांगतील तसं.

> डिस्चार्जच्या आधी तपासा: डिस्चार्ज कार्डावर फ्लॅप कुठला, जोड मानेच्या कुठल्या बाजूला, हे लिहिलंय का? प्लेटच्या पाकिटावरचा स्टिकर फाइलला चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढा, पुढे एमआरआय करायची वेळ आली की तोच विचारतात. रात्री फोन करायचा नंबर घेतला का?

टप्पा ८: घरी

फ्लॅपला सुरुवातीला संवेदना नसते, नंतरही पूर्ण येईल असं नाही. त्यामुळे गरम चहाचा कप ओठाला लागून भाजतं आणि पेशंटला कळत नाही, शेक घेताना भाजतं, दाढी करताना कापतं. शेक, हेअर ड्रायर, वाफारा त्या बाजूला बंद. चहा कोमट, आणि तोही चांगल्या बाजूने.

स्कार्फबद्दल, कारण पुण्यात तो लागतोच: आपण गाडीवर डोक्यापासून गळ्यापर्यंत आवळून बांधतो तसा बांधायचा नाही, मानेवर गाठ येते. उन्हासाठी सैल सुती कापड डोक्यावरून सोडा. ऊन लागलं की व्रण काळे पडतात, जखम पूर्ण भरल्यावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन वर्षभर. हेल्मेट कधी घालायचं ते सर्जनना विचारा आणि तोपर्यंत दुचाकीवर मागेसुद्धा बसवू नका.

व्रणाचा मसाज आणि सिलिकॉन जेल जखम पूर्ण बंद झाल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा. कोणी सुचवलं म्हणून पाचव्या दिवशी खोबरेल चोळू नका. तोंड उघडायचा व्यायाम सांगितला असेल तर दुखलं तरी चुकवू नका, तोंड आखडलं की पुढे दातांचं कामसुद्धा अडतं.

आरसा लपवून उपयोग नाही, मोबाइलचा कॅमेरा असतोच. पहिल्यांदा बघताना जवळचं एक माणूस असू द्या, आणि आधी सांगा की सूज आहे, फ्लॅप सुरुवातीला गुबगुबीत दिसतो, रंग वेगळा असतो, हे असंच राहणार नाही. बघायला येणाऱ्यांची रांग मात्र थांबवा. दारात उभं राहून "अरे देवा" म्हणणाऱ्या आत्यापेक्षा फोनवर मॅचचा स्कोअर सांगणारा मित्र बरा. जेवत नाही, झोपत नाही, अपघात सारखा डोळ्यासमोर येतो, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं तर सायकियाट्रिस्टकडे न्या, त्याच आठवड्यात.

> लगेच हॉस्पिटल गाठा: फ्लॅपचा रंग बदलला, कडा काळ्या पडल्या, मानेला अचानक सूज, टाक्यातून पू किंवा खाल्लेलं-प्यायलेलं बाहेर येतंय, ताप, श्वासाला आवाज, ताजं रक्त. ट्रॅकिओस्टॉमीची नळी चोंदली तर आतली नळी काढा आणि त्याच वेळी १०८.

टप्पा ९: पुढची ऑपरेशनं

पहिलं ऑपरेशन म्हणजे जागा भरली, चेहरा झाला असं नाही. कपाळाचा फ्लॅप नाकाला लावला असेल तर मधला पूल साधारण तीन आठवड्यांनी किंवा थोड्या जास्त काळाने कापतात, तोपर्यंत पेशंट कपाळापासून नाकापर्यंत ती पट्टी घेऊन फिरतो, आधीच सांगून ठेवा नाहीतर घरच्यांना धक्का बसतो. जाड फ्लॅप पातळ करणं, ओठाचा कोपरा सरळ करणं, व्रण सुधारणं ही कामं बहुधा काही महिन्यांनी, सूज उतरून मांस मऊ पडल्यावर. फिब्युलाच्या हाडात दात बसवायचे तर ते हाड आधी जुळून यावं लागतं. तोंडात लावलेल्या हाताच्या कातडीवर केस उगवू शकतात, हसण्यावारी नेऊ नका, सर्जनना सांगा, त्यालाही उपाय आहे.

लोक इथेच फॉलोअप सोडतात, कारण जखम भरलेली असते आणि सुट्ट्या संपलेल्या असतात. पुढच्या ऑपरेशनची योजनेतली मंजुरी वेगळी लागते की नाही ते आधीच्याच भेटीत आरोग्यमित्राला विचारा, दर महिन्याला एकाच खिडकीजवळ, एकाच उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि त्या फोटोंसकट फाइल घेऊन ओपीडीला जा.